मागची सीट

आमचे अमृतराव अडतिसाव्या वर्षी मोटारसायकल शिकले. तोवर ते सायकलवर कारखान्यात जायचे आणि मी सात रस्त्याला सिटी बसची वाट बघत उभी राहायचे. सोलापुरात सिटी बसची वाट बघणारं माणूस एक तर फार श्रद्धाळू असतं किंवा फार चिडकं. मी दुसऱ्या जातीतली.

शिकवलं माझ्या भावानं, आदिनाथनं, मोहोळला शेताच्या रस्त्यावर. पहिल्याच दिवशी अमृतराव गाडीसकट ज्वारीत गेले. मी बांधावर बसून पोट धरून हसले. ते उठले, अंगावरची पानं झटकली आणि पुन्हा गाडीवर बसले. त्यांना राग येत नाही. आमच्या घरात रागाचं खातं माझ्याकडे आहे.

मग आम्ही एक साधी गाडी घेतली. तिची मागची सीट रुंद आणि सपाट. चाकाजवळ साडी अडकू नये म्हणून जाळी, आणि एका बाजूनं बसणाऱ्या बाईला दोन्ही पाय ठेवायला पत्र्याची पट्टी. आमच्या गल्लीत बायका एकाच बाजूनं बसतात, साडी असो की ड्रेस. मीही तशीच बसते. गेली दोन वर्षं या जगात माझी स्वतःची अशी तेवढीच एक जागा आहे.

हे उगीच म्हणत नाही. सैफुलला आमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची कॉट आणि टीव्ही. त्यांचं नाव राजाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आतल्या खोलीत आमची आरोही, दहावीची पुस्तकं पसरून बसलेली. लग्न झाल्यापासून नवऱ्याशी दोन वाक्यं बोलायची तर आधी कुणाचे कान कुठं आहेत ते बघावं लागायचं. कुजबुजून बोलायची मला सवय नाही, आणि मोठ्यानं बोलावं असं काही त्या घरात बोलता येत नाही, अशी माझी समजूत. मग गाडी आली. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. संध्याकाळी अमृतराव टॉवेलच्या कारखान्यातून सुटून मला घ्यायला येतात, आणि तिथून घरापर्यंत आम्ही बोलतो. सिलेंडर संपत आलाय, आत्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायच्यात, आरोहीला गणिताची शिकवणी लावायची का, सगळं गाडीवर. कंबर तलावापाशी ते गाडी आणखी हळू करतात. मागून हॉर्न वाजतात, पण आमचं बोलणं संपलेलं नसतं.

अशात या माणसाला स्वप्न पडायला लागलं.

सुरुवात मोबाइलवरच्या व्हिडिओंनी झाली. कुठल्यातरी डोंगरातल्या रस्त्यावर माणसं गाड्या आडव्या करून वळवतात, गुडघा जमिनीला टेकेल इतक्या. अमृतराव ते आवाज बंद करून बघायचे. जेवताना भाकरीचा घास हातात राहायचा आणि त्यांचा खांदा हळूच डावीकडे झुकायचा, मग उजवीकडे. आरोही मला कोपर मारायची. पहाटे मला जाग यायची तेव्हा झोपेत त्यांची उजवी मूठ उशीवर सावकाश वळत असायची. चेहरा असा शांत की मी रागावायचं विसरून बघत राहायचे. कुठं असतील हे आत्ता, असं वाटायचं. मला कधी नेलं नाही अशा कुठल्या रस्त्यावर.

"गाडी वळवायची नसती गं," एकदा कंबर तलावापाशी ते म्हणाले. "आपण फकस्त बघायचं, कुटं जायचं ते. ती आपली आपण झुकती."

"तुमच्या आईच्या गोळ्या संपल्यात," मी म्हणाले.

विजापूर रोडला सरफराजचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तिथं एक निळी स्पोर्ट बाइक आली होती. अमृतराव दर रविवारी तिला बघायला जायचे, जसं कुणी आजारी नातेवाइकाला बघायला जातं, हातात काही नाही आणि निघताना तोंड उतरलेलं. एका रविवारी मी म्हणाले, मलाही दाखवा. सवत बघावी म्हटलं.

फेब्रुवारीतली दुपार कलत होती. ऊन तापायला लागलं होतं, पण सावलीत अजून बरं वाटत होतं. सरफराजनं गाडीवरचं कापड काढलं. गाडी सुंदर होती, त्यात वाद नाही. मी मात्र मागची सीट बघितली. चटणीच्या वाटीएवढी सीट, तीही पुढच्या सीटपेक्षा टीचभर उंच.

"सरफराजभाई," मी म्हणाले, "ह्याला साडीची जाळी न्हाय. आन पाय ठिवायची पट्टी कुटाय?"

सरफराजनं आधी अमृतरावांकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू त्यानं मिशीत दाबलं.

"भाभी, जाळी आधीच्या मालकानं काढून टाकली. पट्टी तर ह्याला कुणी लावतच न्हाई की."

"का लावत न्हाई? लावून द्या. आमी एका बाजूनंच बसतो."

"एका बाजूनं ह्याच्यावर बसलात तर पहिल्या वळणाला भाई पुढं जातील आन तुमी हितंच राहाल," तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही, खरं तेच सांगत होता.

ही गाडी आली की माझी जागा गेली, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. साधी गाडी देऊनच ही घ्यावी लागणार होती. मग मी पुन्हा सात रस्त्याला बसची वाट बघणार, किंवा त्या वाटीत दोन्हीकडे पाय टाकून, डोकं हवेत, तोंड बंद करून बसणार. आणि आमचं बोलणं? ते कुठं ठेवायचं?

"एक चक्कर मारून या," सरफराज अमृतरावांना म्हणाला. "वडकबाळच्या पुलापतोर जाऊन या. मी हाय, भाभीला चहा देतो."

ते एकटेच गेले. मी चहा प्याले, दुकानातल्या सगळ्या गाड्यांच्या मागच्या सीटा बघितल्या. ते परत आले तेव्हा मला आधी ओळखूच आले नाहीत. हेल्मेट काढलं, केस घामानं चिकटलेले, आणि डोळे पहाटेच्या झोपेतून थेट उठून आल्यासारखे. इतक्या वर्षांत हा चेहरा मी फक्त मिटल्या डोळ्यांचा बघितला होता. मला आनंद झाला आणि पोटात दुखलंसुद्धा.

"कशी हाय?" सरफराजनं विचारलं.

"चांगली हाय." अमृतरावांनी टाकीवरनं हात फिरवला. "पर नको."

"का?"

"मागं ही बसणार न्हाय की."

झालं. माझं डोकं फिरलं. दुसरी बाई असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला मात्र पुढची वीस वर्षं दिसली. प्रत्येक निळ्या गाडीमागं वळणारी ह्यांची मान, आणि वर 'तुझ्यासाठी सोडली' हे न बोललेलं वाक्य. तसलं ओझं मला नको.

"माझ्या नावावर नको म्हणायचं न्हाय," मी म्हणाले. "तुमाला नको असंल तर नको म्हणा."

"तसं न्हाय गं..."

"बसा गाडीवर."

"आन तू?"

मी ओढणी कमरेला बांधली, स्टोल तोंडाभोवती गुंडाळला. सरफराजनं सभ्यपणे तोंड फिरवलं. एक पाय टाकून मी त्या वाटीत चढले. आयुष्यात पहिल्यांदा गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसले. धरायला मागं काही नव्हतं. पुढं फक्त नवरा होता. भर विजापूर रोडला मी त्याला दोन्ही हातांनी धरलं.

सोरेगाव मागं पडेपर्यंत मी घाबरलेलीच होते. मग रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरून पांढरी झालेली. उतरत्या उन्हात ती ज्वारी हलत नव्हती, आम्हीच तिच्यातून वाहत चाललो होतो. कुठंतरी हुरडा भाजत होते, त्याचा वास आला आणि गेला. गाडीचा आवाज सुरुवातीला कानात घुसत होता, मग तो इतका एकसारखा झाला की शांतता वाटायला लागली. एका लांब वळणावर अमृतराव झुकले. मीही झुकले, झुकायचं असं ठरवलं नाही. जमीन एका बाजूनं वर आली, आभाळ दुसऱ्या बाजूला सरकलं, आणि मला कळलं, पहाटे ते कुठं जातात ते.

"सिलेंडर नोंदवायचाय," मी सवयीनं म्हणाले.

उत्तर नाही. पुन्हा मोठ्यानं म्हणाले. तरी नाही. म्हणजे ऐकू जात नव्हतं. वाटलं होतं तसंच झालं, बोलणं वाऱ्यावर गेलं.

थोडा वेळ मी रुसून बसले. पण मागं बसून रुसलेली बाई पुढच्याला दिसत नाही, त्यामुळं रुसण्यात अर्थ नव्हता. मग मनात आलं, ऐकूच जात नाही तर काय हवं ते बोलावं.

"मला आठ दिवस कुटंतरी जायचंय," मी त्यांच्या हेल्मेटला म्हणाले. "तुमी आन मी. कुणी नको. समुद्र असला तरी चालंल, नसला तरी चालंल. लॉजचा चहा कसला का असंना."

ज्वारी संपून ऊस लागला. हवा गार झाली.

"मी तुमच्यावर चिडती, ते तुमच्यावर नसतं," मी म्हणाले. "दिवसभर लोकांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांची बडबड ऐकती, मग राग ठिवायला तुमीच सापडता. आन पहाटे तुमी झोपेत गाडी चालवता, ते मी बघत असती. मला तुमी आवडता हो. लई आवडता. सांगायला जागाच मिळाली न्हाय कधी."

हे बोलताना मी रडत होते की वाऱ्यानं पाणी येत होतं, कुणास ठाऊक. बहुतेक रडतच होते. वडकबाळच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवली. खाली सीना नदी होती, पाणी थोडंच, पण त्यात सगळी संध्याकाळ मावली होती. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. त्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला, आणि मी धुळीचं कारण सांगून तोंड पुसलं.

दुकानात परत आल्यावर सरफराजनं विचारलं, "काय ठरलं?" अमृतराव म्हणाले, "घरी बोलून सांगतो." मला नवल वाटलं. घरी आम्ही कधी काही बोलत नाही.

साध्या गाडीवर घरी आलो. त्या गाडीवरही त्या दिवशी बोललो नाही. आत्या कॉटवर बसून मालिका बघत होत्या. अमृतरावांनी चपला काढल्या, सरळ जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "आई, मी आन वैष्णवी आठ दिवस भायेर जाणार हाय. दोघंच. आरोहीची परीक्षा झाली की."

मी दारातच उभी राहिले. कान तापले.

"तुमाला ऐकू येत होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या कानापाशीच तोंड होतं की तुझं."

"आन सिलेंडर?"

"तेबी ऐकलं. त्याला काय उत्तर द्यायचं तितं?"

आतून आरोही हसल्याचा आवाज आला. आत्या हसल्या नाहीत. त्या आमच्याकडे बघत होत्या, एकदा लेकाकडे, एकदा माझ्याकडे. आता होणार, असं मला वाटलं. म्हाताऱ्या माणसाला टाकून कुठं निघालात, वगैरे. माझी उत्तरं तयार होती. सोळा वर्षांची साठवलेली.

"मग जावा की," आत्या म्हणाल्या. "मी कधी नको म्हणलं? मला कुणी इचारलंय का कधी?"

आत्यांनी पायावरची गोधडी ओढून घेतली.

"तुमी दोघं घरात तोंड शिवून बसता आन गाडीवर जाऊन बोलता. ते काय मला कळत न्हाय? रोज यायला उशीर होतो. गाडी दारात लागली की बोलणं बंद." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला वाटायचं, माझंच गाऱ्हाणं करत असाल. आणखी काय बोलत असाल एवढं, जे माझ्यासमोर बोलता येत न्हाय?"

माझी सगळी तयार उत्तरं गळून पडली. आत्यांचंच बोलायचो आम्ही. बीपीच्या गोळ्या कधी आणायच्या, भाजीत मीठ किती कमी करायचं, गुडघ्याला कुठला डॉक्टर बरा. ती काही लपवायची बोलणी नव्हती. ती या कॉटवर बसून बोलता आली असती, त्यांना विचारून. मी माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली, आणि इतके दिवस त्या एकट्या या खोलीत स्वतःवरचा खटला ऐकत बसल्या होत्या.

मला स्वतःचा राग आला. तो ठेवायला कुणी सापडेना, तेव्हा मी जाऊन कॉटवर बसले, त्यांच्याजवळ. टीव्ही बंद केला. मालिका अर्धवट राहिली.

"सरफराजभाईला फोन करा," मी अमृतरावांना म्हणाले. "ती निळी आमच्यासाठी राखून ठिवा म्हणावं. सिटी बस हाय की मला." मग आत्यांच्या पायावरची गोधडी मी सारखी केली आणि म्हणाले, "सांगा आत्या. आणखी काय काय वाटायचं तुमाला?"

त्यांनी सरकून मला नीट जागा केली. मग सांगायला लागल्या, अगदी माझ्या लग्नापासून.