नरसिंगरावांच्या न्हाणीचं पाणी

तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या बेला गावात मारुतीच्या वाटेवर चिंतामणी मास्तरांच्या घराची नुसती जागा उरली होती. घर मास्तरांनी आणि त्यांच्या दोघा भावांनी मिळूनच पाडलं होतं. सागवानी खांब वाटून घेतले आणि जो तो आपापल्या नोकरीच्या गावी गेला. पंधरा वर्षांनी मास्तर पेन्शनीत निघून गावी परतले, तेव्हा जागेवर बेशरमाचं रान माजलं होतं, कागदोपत्री ती सरकारजमा झाली होती आणि मंडल कचेरीनं तिथं पाण्याची टाकी बांधायचं ठरवलं होतं.

मास्तरांचा जीव खालीवर होऊ लागला. गावातला कोणताही नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला, की त्या जागेसमोर खाली उतरे, चपला हातात घेई, वीस पावलं चाले आणि मग पुन्हा घोडीवर चढे. घर गेलं तरी उतरणं चुकलं नव्हतं. पटवारी नरसिंगराव म्हणजे मास्तरांचे आजोबा. त्यांच्या दारावरून कोणी स्वार होऊन जायचं नाही, हा निजामाच्या काळापासूनचा मान, असं मास्तर लहानपणापासून ऐकत आले होते. टाकी झाली की हा मानही तिच्या पायाखाली गाडला जाणार होता.

माणूस भिडस्त. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की मागच्या रांगेत सरकणारा. पण भिडस्ताच्याही पोटात दात असतात. 'ही जागा गावाचा वारसा आहे, साहेबांनी स्वतः येऊन पाहावी,' असा अर्ज मास्तरांनी कचेरीत दिला, आणि तारीख सुचवली ती नेमकी गावातल्या म्हाताऱ्या राहीबाईच्या नातवाच्या लग्नाची.

मंडल अधिकारी आले. तेलुगू माणूस, मराठी समजे, बोलत हिंदी. बेशरमाकडे बघून म्हणाले, "क्या है इधर?"

"दस मिनट, साहब," मास्तर पुटपुटले.

तेवढ्यात वाजंत्री आली. नवरदेव नागनाथ जागेसमोर उतरला, चपला काढून मुकाट्यानं चालू लागला. मास्तरांच्या अंगात बळ आलं. त्यांनी आजोबांचा मान साहेबांना साग्रसंगीत सांगितला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मतलब पटवारी का डर! पटवारी गया, डर भी गया. ये कैसी विरासत? टंकी यहीं बनेगी."

मास्तरांचा चेहरा पडला. आणि मिरवणुकीतली राहीबाई तोंडाला पदर लावून खुदखुदू लागली.

"काऊन हसून राह्यली, राहीबाई?" मास्तरांनी दुखावून विचारलं.

"हसू नाई तं का करू, मास्तर? तुमच्या आज्याले कोन भेत होतं! माह्या लग्नाच्या दिवशी आमचे हे घोडीवरून अथीच आपटले. तुमच्या आज्याच्या न्हाणीचं सारं पानी रस्त्यावर, ढोपरभर चिखल-गारा! मांडवात आले तं अर्धा नवरदेव अन् अर्धी म्हैस. अंतरपाटाच्या इकडं मले वास येऊन राह्यला होता. तवापासून जो तो उतरते. चपला रुतत गाऱ्यात, म्हणून हातात."

"आता तर गारा नाही," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"मंग? पुन्हा आपटून कोन पाहीन?"

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "ये पूरे गाँव की चीज है! ये लिखूँगा तो टंकी स्कूल के पीछे जाएगी. लेकिन मास्टरजी, अर्जी आपकी है, बयान भी आपका चाहिए. क्या लिखूँ? दादाजी का मान, या न्हानी का पानी?"

वाजंत्री थांबली. चपला हातात धरून नागनाथही वळून बघू लागला. फेटा बांधलेल्या आजोबांची तसबीर मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेना. वडिलांनी ती पुसतापुसता हा मान किती वेळा सांगितला होता! त्यांनी एकदा बेशरमाकडे पाहिलं.

"पानी," ते म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. "पानी, साहब! हमारे दादाजी की न्हानी का!"

कारकुनानं बयान उतरवून घेतलं. मास्तरांनी मान खाली घालून सही केली. राहीबाईला त्यांची कीव आली.

"मन छोटं नोका करू, मास्तर. रोज आंघोळ तं करत होते ना तुमचे आजे? थे का कमी हाये?"

"दोनदा," मास्तर ताठ होत म्हणाले. "दिवसातून दोनदा करत. साहेब, तेवढंही लिहून घ्या."