गळके डबे

बयाबाईनं रोपाचं खालचं पान चिमटीत धरलं, तर ते ओढायच्या आतच हातात आलं. पिवळंधमक आणि मऊ. तिनं ते नवऱ्याच्या नाकासमोर नाचवलं.

"आजचं हे सातवं. आवं, बघताय का?"

भिमाजीनं हातातली झारीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तहान लागली आसंल. वततो की आनखी."

आणि त्यानं ओतलं.

बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात रॉकेलचे बारा रिकामे डबे ओळीनं मांडले होते. प्रत्येकात टमाट्याचं वीतभर रोप. बंगल्याच्या मालकीणबाई मुंबईच्या. लोणावळ्याहून परत जाताना त्या डबे दाखवून म्हणाल्या होत्या, "दिवाळीला येईन. रोपं चांगली धरली असतील तर माळी तूच. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल." माळ्याच्या कामाबरोबर बंगल्यामागची खोली होती. काम गेलं की खोलीही जाणार, मग चार माणसांनी जायचं कुठं?

खरं सांगायचं तर भिमाजी माळी नव्हताच. जन्म गेला भात लावण्यात. तलाव झाला, खाचरं पाण्याखाली गेली, तेव्हापासून तो पडेल ते काम करत आला होता. बाईसाहेबांनी "बागकाम येतं का?" असं विचारलं आणि यानं "व्हय, समदं येतं" असं बेधडक ठोकून दिलं. टमाट्याचं रोप त्यानं आधी लांबूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

बयाबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला कुसगावला होती. दोन महिन्यांनी, घट बसायच्या आठ दिवस आधी ती परतली, तर समोर ही पिवळी वरात. नवऱ्याला बोलून उपयोग नव्हता, तो नुसता हसायचा. मग राहिली सून. येसू नदीकाठच्या इंदुरी गावची, गरीब गाईसारखी. मुलगा गोविंदा रेल्वेच्या गँगवर, आठवड्यातून एकदा घरी येणारा. म्हणजे तिची बाजू घ्यायलाही कुणी नाही.

"मी न्हवते तवा तू भाईर बसलीस का गं?" बयाबाईनं सरळ विचारलं.

येसू पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"मग भाकऱ्या कोन थापीत हुतं?"

उत्तर भिमाजीनं दिलं, तेही भाबडेपणानं. "येसूच की. एक दीस आबाळ झाली न्हाई बघ माझी. रोज ताजी भाकर."

झालं! बयाबाईला हवा होता तो पुरावा घरच्या माणसानंच हातात आणून दिला. दोन महिने रोज भाकरी थापली, याचा अर्थ कावळा शिवला तरी पोर बाहेर बसली नाही. तशाच हातानं डब्यांना पाणी घातलं असणार, तशीच सावली रोपांवर पडली असणार. मग पानं पिवळी पडतील नाहीतर काय होईल?

"आजपासनं त्या डब्यांच्या वाऱ्याला उभी ऱ्हायची न्हाईस," ती म्हणाली. बाहेर बसायला ठेवलेली काळी घोंगडी तिनं त्याच दिवशी खसाखसा धुतली, वाळवली आणि मागच्या पडवीत खुंटीवर टांगली. "या खेपंपासनं मी सोता बघती, कोन बसतंय आन् कोन न्हाई."

येसूनं मान हलवली. डोळे भरले होते, पण तोंडातून ब्र निघाला नाही. बयाबाईला त्या गप्प राहण्याचाच जास्त राग आला.

नवरात्र झालं, दसरा झाला. येसू डब्यांपासून दहा हात लांबून जात-येत होती. भिमाजी सकाळ-संध्याकाळ झाऱ्या रिकाम्या करत होता. आणि पानं पडायची थांबत नव्हती. खालची गेली, मग मधली पिवळी पडायला लागली. भांडी घासताना, दळताना, देवापुढं हात जोडताना बयाबाईच्या डोळ्यांपुढं ते बारा डबेच.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी येसू अंगणात धुणं धूत होती. बयाबाई पानं वेचत होती. येसूनं लांबूनच हाक मारली.

"आत्याबाई, रागावू नगा. डब्याच्या बुडाला भोकं हायती का वो?"

"तुला काय करायचंय?"

"माझी आई नदीकाठाला वांगी-मिरच्या लावती. ती म्हनती, मुळ्यांना बी दम खायला लागतो. पानी साचलं का झाड आसं खालनं पिवळं पडतं."

बयाबाई तोंडात आलेलं काहीतरी बोलणारच होती, पण तिनं ते गिळलं. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती, आणि मानपान बघायला घरात सवड नव्हती. तिनं भिमाजीला हाक मारली. दोघांनी मिळून कडेचा डबा उचलायला घेतला. तो जागचा हलेना, इतका जड! कसाबसा कलता केला. बुडाला पाच भोकं होती. आणि पाचही चिखलानं बुजवलेली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेली.

"हे कुनी केलं?"

"म्याच की," भिमाजी कौतुकाची वाट बघत म्हणाला. "बाईसाहेबांनी गळकं डबं दिलतं. समदं पानी वाया जात हुतं. एकेक लिपून घेतला. बांध कसा घट पायजे!"

बारा डब्यांत या माणसानं बारा खाचरं केली होती. बयाबाईनं डोक्याला हात लावला आणि मग तिला हसूच फुटलं, महिन्याभरात पहिल्यांदा. भिमाजी आधी गोंधळला, मग तोही हसायला लागला. तिकडं येसूनं पदर तोंडाला लावला होता.

जाड खिळ्यानं एकेक भोक मोकळं केलं, तसं काळं, घाण वासाचं पाणी भळाभळा वाहिलं. खाली विटा लावून डबे उंच केले. झारी बयाबाईनं उचलून कोठारात टाकली आणि कडी लावली. "माती कोरडी दिसली, का मंग थोडं पानी," असं येसूनं सांगितलं, ते तिनं मुकाट ऐकलं. सावलीचा विषय मात्र तिनं काढला नाही. चुकलं म्हणणं तिच्या जिभेला कधी जमलं नव्हतं.

वसुबारसेच्या सकाळी शेंड्यांकडे बघायचा अवकाश, बयाबाईचा जीव भांड्यात पडला. बारापैकी अकरा रोपांना कोवळी, हिरवीगार पानं फुटली होती. उद्या बाईसाहेब येणार होत्या. येऊ देत आता!

त्याच आनंदात ती दिवाळीची झाडलोट करायला मागच्या पडवीत गेली. खुंटीवरची घोंगडी झटकायला म्हणून तिनं हात घातला आणि तो तसाच थांबला. घोंगडीच्या घडीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. अंगठ्याएवढं, वाळून टणक झालेलं, एक तोंड अजून उघडं.

ही घोंगडी तिनं स्वतः धुऊन टांगली होती. त्याला महिना उलटून वर पाच दिवस झाले होते. बोटांवर मोजता मोजता ती खालीच बसली. डब्यांच्या घोरात तिला कशाचं भान राहिलं नव्हतं. आणि त्याआधीचे दोन महिने रोज ताजी भाकरी.

गेल्या साली येसूला दिवस गेले, तेव्हा बयाबाईनं हरखून आळीभर साखर वाटली होती. पुढच्या आठवड्यातच सगळं संपलं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची आणि पोर प्रत्येकीला उत्तर द्यायची. म्हणूनच पोरीनं या वेळी विटाळाचा आळ अंगावर घेतला, पण तोंड उघडलं नाही.

"ते मातीचं घर पाड की," मागून भिमाजी म्हणाला. "दिवाळी आली."

"ऱ्हाऊ द्या. तिचं व्हायचंय अजून."

तिनं घोंगडी होती तशी खुंटीवर राहू दिली आणि ती बाहेर आली. येसू विहिरीवरून भरलेली बादली घेऊन येत होती. बयाबाईनं पुढं होऊन ती तिच्या हातातून काढून घेतली.

"आजपासनं हे काम माझं."

येसूचा चेहरा पडला. "का वो आत्याबाई? पुन्यांदा पानं..."

"पानं झ्याक हायती." बयाबाईनं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "या खेपंला मी कुनालाबी सांगायची न्हाई."