पेवठाणचं हैबतनगर

मोशीच्या पुढं इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या वाटेवर पेवठाण नावाची चाळीसेक उंबऱ्यांची वाडी होती. धान्य साठवायची जुनी पेवं जमिनीत ठिकठिकाणी खोदलेली, म्हणून पेवठाण. नावात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि मिरवण्यासारखंही नव्हतं. पण पिंपरीकडं कारखाने उभे राहायला लागले, वाडीला शाळा मिळाली, एस.टी.चा थांबा मंजूर झाला, आणि नानासाहेबांना एकाएकी त्या नावाची लाज वाटू लागली.

नानासाहेब म्हणजे वाडीचे जुने इनामदार. इनाम गेलं होतं, ऐट राहिली होती. पंचायतीत उभं राहून ते म्हणाले, "थांब्याच्या पाटीवर काय लिहायचं? पेव? उंदराघुशींचं गाव वाटतं. आमचे पूर्वज सरदार हैबतराव चाकणच्या वेढ्यात लढले. त्यांचं नाव द्या. हैबतनगर!"

पंचांनी माना डोलावल्या. त्यांच्या माना डोलवण्यासाठीच होत्या.

कोपऱ्यात बसलेल्या धर्माजी शाहिराला मात्र हसू आवरेना. तोंडावर उपरणं धरून तो बाहेर आला. कारण हैबतरावांची गोष्ट त्याच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेली, आणि वाडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं ती खळ्यावर मळणी करताना ऐकलेली होती. मोगलांनी चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून बुरूज उडवला, आतली माणसं छातीचा कोट करून उभी राहिली. त्याच रात्री हैबतराव भिंतीवरून उतरला तो थेट पेवठाणला आला आणि पेवात शिरून बसला. बायांनी वरून भाकरी टाकल्या म्हणून जगला. पुढं कुणाची तरी खुशमस्करी करून इनाम मिळवलं, ती गोष्ट वेगळी. या गोष्टीवर पिढ्यान् पिढ्या लोक पोट धरून हसले होते.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांचं बोलावणं आलं.

"धर्माजी, नामकरणाला खेडहून मामलेदारसाहेब येणार. हैबतरावांवर पोवाडा पाहिजे. भरजरी फेटा देईन."

"पोवाडा खरा पायजे का चांगला?" धर्माजीनं विचारलं.

"तुला ठाऊक असेल तो गा."

धर्माजीला वाटलं, देवानंच संधी दिली. घरी येऊन त्यानं डफ शेकायला घेतला तसा बायको शालनबाईनं विचारलं, "त्या पळपुट्याचा पवाडा गाणार व्हय तुमी?"

"गाणार. जसा पळाला तसाच गाणार. मामलेदारासमोर नानाची अशी काढतो, की गावाला तोंड दाखवायचा न्हाई."

"आन् लोक?"

"लोक हसतील. त्यांना ठावंच हाय की समदं."

 शालनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

नामकरणाच्या दिवशी आंब्याच्या पानांची तोरणं लागली, कर्णा आणला, बुंदीची पातेली आधीच सगळ्यांच्या नजरेत भरली. हैबतरावांचं चित्र पुण्याहून रंगवून आणलं होतं. हातात तलवार, डोक्यावर मंदील आणि चेहरा हुबेहूब नानासाहेबांचा, फक्त चष्मा काढलेला. धर्माजी उभा राहिला. डफावर थाप पडली आणि त्यानं आवाज लावला:

*वेढा पडला चाकणला, तोफ धडाडे चोहोकडे,*
*बुरूज उडाला, मर्द राहिले छाती लावुनी भिंतीपुढे,*
*हैबत आमुचा शूर शिपाई, त्याची पावलं भलतीकडे,*
*रातोरात तो गाठी पेवठाण, पेवात उतरे, मुंडी दडे, जी जी रं जी!*

धर्माजीनं डोळे लोकांवर रोखले. आता हशा फुटणार. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत तात्याबा बसला होता. खळ्यावर या गोष्टीला सगळ्यात मोठ्यानं हसणारा तोच. पण आत्ता तो गंभीर तोंडानं मामलेदाराकडं बघत होता. मामलेदाराच्या कपाळाला आठी पडली होती.

तेवढ्यात नानासाहेब ताडकन उठले. "गनिमी कावा!" ते ओरडले. "शत्रूला चकवा देऊन भूमीच्या पोटात दबा धरला! केवढी ही युक्ती!"

मामलेदाराची आठी गेली. त्यांनी टाळी वाजवली. मग तात्याबानं वाजवली. मग अख्ख्या मांडवानं वाजवली.

धर्माजी चिडला. त्यानं आवाज चढवला. बाया वरून भाकरी टाकतात आणि खाली हैबत थरथरतो, मोगल गेल्याशिवाय डोकं वर काढत नाही, असं सगळं त्यानं शब्द चावून चावून गायलं. जितकं झोंबणारं गावं तितक्या टाळ्या पडत गेल्या. थरथर हा क्रोध ठरला, भाकरी हा मातृशक्तीचा प्रसाद ठरला. एका म्हातारीनं तर डोळ्याला पदर लावला. शेवटी धर्माजीचा घसाच बसला. नानासाहेबांनी आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर फेटा बांधला आणि पाटीवरचा पडदा दूर केला. हैबतनगर.

बुंदीवर गर्दी उडाली तेव्हा नानासाहेब त्याच्याजवळ आले. आवाज दबका होता.

"धर्माजी, हैबतराव पळाले हे मला माझ्या आज्यानंच सांगितलंय. तू काय गाणार, तेही ठाऊक होतं."

धर्माजीनं विचारलं, "मग गाऊ का दिलंत?"

"दुसऱ्या कुणी शौर्य गायलं असतं तर म्हातारे म्हणाले असते, शाहीर खोटं बोलतो. आता तुझ्याच तोंडून आलं आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. उद्या यातला एकजण तरी म्हणेल का, की मी भित्र्यासाठी टाळ्या वाजवल्या?" नानासाहेबांनी फेट्याचा शेमला नीट केला. "बुंदी खाऊन जा."

धर्माजी बुंदी न खाता घरी आला. फेटा त्यानं खुंटीवर फेकला. शालनबाईनं तो घडी करून ठेवला.

"टाळ्या लई पडल्या म्हणं," ती म्हणाली.

"मेंढरं हायती."

"मेंढरांनी टाळ्या दिल्या न्हाईत. मामलेदार व्हता, पाण्याचा नळ मागायचाय त्यांना. तुमी मातर नानाचा पवाडा एका फेट्यावर गाऊन आला."

पुढच्या साली शाळेतल्या पोरांनी तोच पोवाडा म्हटला. मास्तरांनी 'भलतीकडे' काढून 'रणाकडे' घातलं होतं. एका पेवाला चौथरा बांधला, त्यावर फुलं पडू लागली. तात्याबा आल्यागेल्याला चौथरा दाखवून सांगायचा, इथं सरदार तीन दिवस समाधीत होते. धर्माजीनं खळ्यावर एकदा जुनी गोष्ट काढली, तर कुणीतरी म्हणालं, "शाहीर, थोरामोठ्यांबद्दल असं बोलू नये."

मग धर्माजीनं हट्टच धरला. नवं नाव तोंडातून काढायचं नाही. पुण्याहून येताना तो कंडक्टरला म्हणायचा, "पेवठाण." कंडक्टर म्हणायचा, "असा थांबा नाही." तेव्हा तो मोशीचं तिकीट काढून तिथं उतरायचा आणि पूल ओलांडून उन्हातान्हात घरापर्यंत चालत यायचा. वाटेत लोक हसायचे. हसायला त्यांना आता धर्माजी होता.

अशी दोनेक वर्षं गेली. एका उन्हाळ्यात त्याचा गुडघा सुजला. शालनबाई त्याला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. परतताना गाडीत कंडक्टर आला. धर्माजीनं तोंड उघडलं.

"पेव..."

"दोन हैबतनगर," शालनबाई मधेच म्हणाली आणि पदराची गाठ सोडून नाणी काढली.

धर्माजीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिनं त्याचा पाय उचलून आपल्या पिशवीवर ठेवला, सूज दुखू नये म्हणून. मोशी आली तसा तो उठायला लागला, पण गुडघा वाकेना. गाडी पुढं निघाली.