झुंबरबाईंची पापकबुली

मी एक जुनी सागवानी जाळी आहे, मित्रांनो. अंबडच्या सिराजोद्दीन सुतारांनी मला घडवलं आणि गोदाकाठच्या एका लहानशा चर्चमध्ये बसवलं. माझ्या एका बाजूला फादर कान देऊन बसत, दुसऱ्या बाजूला माणसं गुडघे टेकून आपली पापं कबूल करत. काय ऐकलं ते मात्र विचारू नका. इथलं बाहेर सांगायचं नसतं, हा नियम फादरांना आहे तसाच मलाही आहे, आणि गोष्ट पोटात ठेवण्यात मी पक्की आहे.

म्हाताऱ्या झुंबरबाई कानांनी फार बहिऱ्या, अगदी कानाशी ओरडलं तरच ऐकू येई. त्यांचं हळू बोलणंही अंगणापर्यंत जाई. एकदा त्यांची कबुली साऱ्या रांगेनं ऐकली आणि शेजारच्या तुळजाबाई फिस्सकन हसल्या. त्या दिवसापासून झुंबरबाई माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. मला फार वाईट वाटलं.

मग एका भाद्रपदात गोदावरीला पूर आला. सारी वस्ती चर्चमध्ये शिरली, पाणी पायरीला लागलं. एकेकाचं ऐकायला वेळ कुठला? फादरांनी हात उंचावून सगळ्यांना एकदम पापक्षमा दिली. मरण दारात उभं असताना तशी देता येते. पाणी ओसरलं, माणसं वाचली, आणि झुंबरबाईंना वाटलं, चला, न बोलताच काम भागलं.

पुढच्या रविवारी फादरांनी त्यांना कानाशी ओरडून समजावलं. क्षमा खरीच आहे; पण मनात मोठं पाप असेल, तर आता सवडीनं एकटीनं येऊन ते सांगायला हवं.

“मोठंच हाय, फादर,” त्या म्हणाल्या. “पन मी बोलले की गाव ऐकतंय. मंग तोंड कसं दाखवू?”

हेही गावानं ऐकलंच. तुळजाबाई खजील झाल्या. त्यांनी नवऱ्याला, पुंजारामला, ढोलकी आणायला धाडलं, सगळ्यांना अंगणातल्या लिंबाखाली नेलं आणि गाणं सुरू केलं. झुंबरबाई दारातच घुटमळल्या. त्यांना बिचाऱ्यांना गाणं काय ऐकू येणार? तेव्हा तुळजाबाईंनी त्यांना हाताला धरून लिंबाखाली नेलं, त्यांचा तळवा ढोलकीवर ठेवला आणि कानाशी तोंड नेलं.

“आमालाच आमचं ऐकू येऊन न्हाई राह्यलं, मावशी. जा बिनघोर.”

तळव्याला दणके बसू लागले तशी झुंबरबाईंची कळी खुलली. त्या आत आल्या, गुडघे टेकले आणि इतक्या वर्षांचं भडाभडा बोलल्या. फादरांनीही खड्या आवाजात क्षमेचे शब्द म्हटले. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर कबुली संपल्याचा कुणाला पत्ताच नाही. सगळे घसा फोडून गात होते. झुंबरबाई तुळजाबाईंशेजारी जाऊन बसल्या आणि मनाला येईल त्या तालात टाळ्या वाजवू लागल्या.

आता माझ्या दोन पट्ट्या निखळल्या आहेत. तेलपाणी केलंत तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी एक करा. कुणाला मनातलं सांगायचं असेल, तर तिथं कान टवकारून उभे राहू नका. थोडं लांब जा, आणि मोठ्यानं गा. बेसूर असलं तरी चालतं.