लाल दिव्याची शेपटी

आमच्या वर्गात सदतीस जण. प्रयोगशाळेत जोड्या लावल्या तेव्हा मी एकटी उरले. वाईट वाटलं नाही म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल. या शहरात येऊन वर्ष झालं, आणि माझ्याशी रोज न चुकता बोलणारा माणूस एकच, लायब्ररीच्या दारातला रखवालदार. तोही "ओळखपत्र" एवढंच बोलतो.

इमेज प्रोसेसिंगच्या मॅडमनी काम दिलं होतं. घरचा एखादा हललेला फोटो आणायचा आणि गणित करून तो स्पष्ट करायचा. बाकीचे फोटो शोधत बसले. माझ्याकडे अशा फोटोंना तोटा नव्हता. आईला कंपवात होता आणि फोटो काढायची हौस दांडगी. आम्ही तिला 'भूकंप स्टुडिओ' म्हणायचो. तीही हसायची.

मी तिने काढलेला शेवटचा फोटो निवडला. स्वयंपाकघरात टेबलाशी बाबा आणि दादा, दोघांचे चेहरे फिसकटलेले. मी आईला खेटूनच उभी होते आणि मला इकडे यायला निघायची घाई होती. तिने फोन वर धरला आणि धरूनच राहिली. माझं डोकं फिरलं. "दे इकडे, तुला काही जमत नाही," म्हणत मी तो ओढून घेतला. पाहते तर फोटो निघालेला, आणि असा. तिने तो पाहिला आणि तिचा चेहरा पडला. आता आई नाही. बाबांना हाच फोटो भिंतीवर लावायचाय. "तू शिकतेसच आहेस, तर तेवढा नीट करून दे," म्हणाले. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं असेल तर हे एवढंच.

फोटो काढताना हात कसा हलला ते कळलं, तर ते हलणं गणिताने उलटं फिरवता येतं. त्यासाठी फोटोत एखादा उजेडाचा ठिपका लागतो, कारण हात जसा हलतो तशी त्याची रेघ उमटते. माझ्या फोटोत स्विचबोर्डवरचा बारीक लाल दिवा होता. मोठा करून पाहिला तर तिथे इवलीशी गिचमीड, आणि तिच्यातून निघालेली लांब, फिकट शेपटी. मी थरथरत्या हाताचं गणित लावलं आणि शेपटीकडे कानाडोळा केला. दोन दिवस डोकेफोड झाली, पण चेहरे काही उघडेनात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडम माझ्या खुर्चीमागे थांबल्या.

"थरथरीचं गणित का लावलंस गं?"

"आईने काढलाय. तिला कंपवात होता."

"तो हा एवढाच." त्यांनी गिचमिडीवर बोट ठेवलं. "दोन-तीन पिक्सेल. याने काही बिघडत नाही. उलट असा हात असून त्यांनी फोन किती घट्ट धरलाय बघ. बिघडवलंय ते या शेपटीने. सरळ, एका दमात. दिवा डावीकडे सरकलाय, म्हणजे फोन उजवीकडे गेला. कुणीतरी ओढलाय."

उजवीकडे मी होते.

"शेपटी धरून कर, होईल," म्हणत मॅडम पुढच्या जोडीकडे गेल्या.

झालं. पाच मिनिटांत बाबांची मिशी दिसली, त्यांच्या चष्म्याची दोरी दिसली, दादाचं तोंड दाबून हसणं दिसलं. कडांना थोड्या लाटा राहिल्या, पण फोटो चांगला होता. आईने तो चांगलाच काढला होता. मला रडू आवरेना. आजूबाजूला छत्तीस जण होते, कुणी मान वर केली नाही.

मी जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला.

"झाला फोटो."

"अरे वा! दिसतोय का मी?"

"दिसताय." मग मी बोलून टाकलं. "बाबा, तो आईच्या हाताने नव्हता बिघडला. मी फोन ओढला होता. मला आज कळलं."



"तू गेल्यावर तिने फोन माझ्या कपाटात ठेवून दिला," बाबा म्हणाले. "म्हणाली, माझ्या हातून सगळ्यांचे चेहरे बिघडतात. त्यानंतर आठ महिने होती गं ती. मी किती म्हटलं, एक तरी काढ. नाही काढला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते.

"पाठव फोटो," बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघंही फोन न ठेवता तसेच राहिलो.