तीन भावांचं एक कुलूप

माझ्या भावांना मी थोडी अक्कल विकली असती, अगदी घरच्या भावात. पण आमच्या दुकानात फक्त लोखंड मिळतं.

अकोल्यात जठारपेठेत आमचं कपाटांचं आणि तिजोऱ्यांचं दुकान आहे. यांनी सुरू केलं, यांच्यामागे मी चालवते. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून एवढं कळलं, की तिजोरी घेणारा माणूस चोराला भीत नाही. चोराला भिणारा कुत्रा पाळतो. तिजोरी घेतो तो घरच्यांना भिणारा. तरीही माझे तीन सख्खे भाऊ एका गाडीतून, एकमेकांकडे न बघता, दुकानासमोर उतरले तेव्हा मी चाट पडले. तिघांना मिळून एकच तिजोरी हवी होती, आणि तीही देव ठेवायला.

बाबा गेल्यावर तेल्हाऱ्याच्या शेताची वाटणी झाली, कडेच्या धुऱ्यावरच्या बाभळींचीसुद्धा झाली. हक्कसोडीवर माझी सही घेतली. मला कोणी काही विचारलं नाही, पेन मात्र टोपण काढून हातात दिलं. मग राहिले देव. आमच्या घराण्याचे चांदीचे पाच टाक, पुजून पुजून नाकडोळे झिजलेले. चांदी म्हणाल तर एका बाळाच्या वाळ्यांएवढी. पण देव ज्याच्या घरी, बरकत त्याच्या घरी, असं आमच्याकडे मानतात. आणि दुसऱ्याची बरकत बघणं माझ्या भावांना स्वतःच्या नुकसानीपेक्षा जड जातं.

वामनदादा तेल्हाऱ्याला शेती बघतो. तो म्हणाला, देव थोरल्याकडे. गोपाल अमरावतीला शिकवणीचे वर्ग चालवतो. तो म्हणाला, देव शेंडेफळाकडे. मधला पुंजाराम अकोल्यातला निवृत्त मास्तर. मधल्याला देवांचा असा काही मान नसतो, म्हणून तो म्हणाला, कोणाकडेच नको. शेवटी ठरलं की देव तेल्हाऱ्याच्याच घरी राहतील, पण कुलपात. आणि कुलूप असं, की तिघं आल्याशिवाय उघडू नये.

त्याच घरात आमची आई राहते, दुर्गाबाई. त्या पाच टाकांना रोज आंघोळ घालणारी तीच. तिला कोणी विचारलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माझ्या भावांना ओळखत नाही.

मी त्यांना आकडे फिरवायची तिजोरी दाखवली. दाराच्या आतला पत्रा काढून कुलूप उघडं केलं आणि म्हटलं, "आता कान देऊन ऐका. मंग मले फोन करू करू विचारू नका."

तसं ते कुलूप साधं असतं. बाहेर आकड्यांची डायल, आत एकामागे एक तीन चकत्या. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच. वर एक आडवी पट्टी असते. तिन्ही खाचा त्या पट्टीखाली एका रेषेत आल्या की पट्टी खाली बसते आणि कुलूप सुटतं. एक जरी खाच बाजूला राहिली तर पट्टी अधांतरी. डायल थेट फिरवते ती फक्त पुढच्या चकतीला. पुढचीची खुंटी मधलीला अडकते, मग मधली फिरते. मधलीची खुंटी मागचीला अडकते, मग मागची. म्हणून पहिला आकडा सगळ्यात मागच्या चकतीचा, आणि शेवटचा पुढचीचा.

"पहिला आकडा माहा," दादा लगेच म्हणाला. "मी थोरला हावो."

घे बाप्पा, मी मनात म्हटलं. दोघांनी रेटल्याशिवाय जागची न हलणारी चकती. दादाचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं. मधली चकती पुंजारामची, स्वतःहून काही न करणारी, इकडून धक्का घेऊन तिकडे देणारी. पुढची गोपालची, बोट लागलं की फिरणारी. ज्यानं हे कुलूप पहिल्यांदा बनवलं त्यानं आमचं घर पाहिलं असावं.

"आनखी एक," मी म्हटलं. "दार नुसतं लोटून होत नाही. ही मूठ फिरवा, तवा हे जाड दांडे चौकटीत जातात. मंगच डायल फिरते. मूठ नाही फिरवली त डायल जागची हालत नाही. मंग बिघडली, बिघडली म्हनून बोंबलत येऊ नका."

तिघांनी माना हलवल्या. दादा दुकानातला पंखा बघत होता.

आकडे बसवायला मीच तेल्हाऱ्याला गेले. दार उघडं ठेवून मागून एक वेगळी किल्ली घालायची, मग प्रत्येकानं आपापला आकडा लावायचा, बाकीच्यांनी पाठ फिरवायची. दादानं डोक्यावरून दुपट्टा घेतला, डायलसकट स्वतःला झाकलं आणि वाफ घेणाऱ्या सर्दीच्या माणसासारखा आत खुडबुडत बसला. बाहेर आला तो छाती फुगवून. फक्त एक गोष्ट तो विसरला. डायल त्याच्या आकड्यावर तशीच उभी होती. पुंजाराम पुढे सरकला, त्यानं ती पाहिली आणि खाकरला. पुंजारामचं झाल्यावर गोपालनं त्याचा आकडा पाहिला. कोणाचाच आकडा दिसला नाही तो फक्त दादाला. मी तिथेच उभी होते.  शहाण्यांना शिकवणं माझ्या दुकानाच्या कामात येत नाही.

महिन्याभरात तिघं एकेकटे दुकानात येऊन गेले. पुंजाराम हळूच म्हणाला, "ताई, समज पहिले दोन आकडे माहीत हायेत. तिसरा सापडते काय?" गोपाल हसत हसत म्हणाला, "शेवटचे दोन माहीत असले तर पहिला निघतो का? आपलं सहज विचारून राहिलो." दादा शेवटी आला. चहा प्याला, पावसाचं बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "वच्छे, एकच माहीत असला त बाकीचे दोन निंघतात काय?"

तिघांनाही मी नाही म्हणून सांगितलं. पुंजारामला सांगितलं ते खोटं होतं. शेवटचा आकडा सगळ्यात कच्चा असतो. मागच्या दोन चकत्या नीट बसल्या असल्या की पुढची थोडी थोडी सरकवत बघायची, घटकाभरात सापडते. पण हे सांगितलं असतं तर त्यानं त्याच दुपारी तेल्हाऱ्याची एसटी धरली असती.

मग दर वर्षी तेच नाटक. घटस्थापनेला तिघं जमायचे, दुपट्ट्याखाली जायचे, देव बाहेर काढायचे. दसऱ्याला दादा देव आत ठेवायचा, मूठ फिरवायचा, डायल गरकन फिरवायचा आणि लोखंडाला हात जोडायचा. बाकीचं वर्षभर आई देव्हाऱ्यात पाच सुपाऱ्या पुजायची. त्यांना आंघोळ घालायची, गंध लावायची, आणि जाता जाता तिजोरीच्या दारालाही हळदीकुंकू वाहायची. देव त्यात आहेत, मग वाहणारच. तिची बोटं त्या थंड दाराला लागलेली पाहिली की माझं डोकं फिरायचं.

यंदा गोपाल आला नाही. त्याचं म्हणणं, या नवरात्रात देव अमरावतीला त्याच्या फ्लॅटवर यावेत, तरच आकडा मिळेल. घटस्थापनेच्या सकाळी दादाचा फोन आला. बुढीनं आदल्या दिवसापासून पोटात काही घेतलं नाही, देव पाटावर दिसल्याशिवाय घट बसवणार नाही, आणि घट बसल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही म्हणते. आईला साखर आहे. ऐंशी ओलांडलेलं शरीर. मी गाडी काढली.

घरी पोचले तर आई पाटासमोर भिंतीला टेकून बसलेली, ओठ वाळलेले. समोर घट, माती, सगळं मांडून तयार. पाट रिकामा. आणि आमचे दोन वाघ तिजोरीसमोर.

"बस दादा, लाव आकडा," मी म्हटलं.

दुपट्टा आला. दादा आत खुडबुडला. "थोडासा समोर गेला, मागं घेतला," आतून आवाज.

"मागं घेऊन चालत नाही. पहिल्यापासून लाव."

"थोडासाच त गेला!"

"दादा, ते कुलूप हाय. तुही बायको नाही, चालवून घ्याले."

दोनदा चुकून एकदाचं त्याचं जमलं. मग पुंजारामनं दादाच्या आकड्याकडे बघू नये म्हणून डोळे गच्च मिटून चाचपडत यायचं सोंग केलं. इतकी वर्षं पाठ असलेल्या आकड्यासाठी एवढी मेहनत मी कोणाला घेताना पाहिली नाही. त्याचंही झालं. मग मी बसले. पुढची चकती जराशी सरकवायची, मूठ हलवून पट्टी बसते का बघायची, नाही बसली की पुन्हा जराशी. मागून आईचा श्वास ऐकू येत होता.  शेवटी बोटाला तो हलका ठोका कळला. मूठ फिरवली, दार उघडलं.

लाल फडक्यातली पुरचुंडी समोर होती. मी हात पुढे केला.

"तू नको लावू," दादा म्हणाला. "दिलेली लेक तू. तुहे देव तुह्या सासरचे."

कुलूप उघडायला चालते, देव उचलायला चालत नाही. मी हात मागे घेतला. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्या दोघांना दिसलं याचा आणखी राग आला.

घट बसला. आईनं दूध घेतलं. तिनं भांडं अजून खाली ठेवलं नव्हतं, तर दादा तिच्या देखत म्हणाला, "वच्छे, आता गोपालचा आकडा काढून टाक. दोघाचेच ठेव." आणि पुंजाराम मला अंगणात सोडायला आला तेव्हा म्हणाला, "ताई, खरं सांगू? एकाचाच ठेवला त बरं." खिडकीशी आई बसली होती. तिला सगळं ऐकू येतं. भावांना वाटतं म्हातारी माणसं बहिरी असतात.

दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले, तर ओसरीवर तिघं. आपला आकडा फोडला हे कळल्यावर गोपाल अमरावतीहून तडक आला होता, आणि आपट्याची पानं हातात धरून तिघं एकमेकांना चोर म्हणत होते. आतून आई म्हणाली, "देव मी ठेवले रे आत. दार लावलं." कोणी मान वळवली नाही. दारातून लाल पुरचुंडी आत जाताना दिसली होती, तेवढं त्यांना पुरलं. भांडण नव्या आकड्यांवर गेलं.

आई मागच्या दाराशी आली. हातात कापडी पिशवी. "गाडी कुठी हाय तुही?" तिनं विचारलं. वहिनीनं आम्हाला पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चुलीकडे वळली. त्या घरात शहाणं माणूस एक आहे, हे मला तेव्हा कळलं.

गाडीत बसल्यावर आईनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "धर."

आत पाच टाक होते, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. मी म्हटलं, "माह्या हाताले चालते काय?"

"मले कोनाले विचारा लागत नाही," आई म्हणाली. "चाल."

जठारपेठेत पोचून चहा झाला, दिवेलागण झाली, तेव्हा दादाचा फोन आला. तो ओरडतच होता. "वच्छे, किल्ली घेऊन उद्या ये. आकडे बदलाचे हायेत. आन् तुही तिजोरी बिघडली! तिघं बसलो, डायल जागची हालून नाही राहिली. बुढीनं दार लावताना काई केलं."

मला खुदकन हसू आलं. मग मी विचारलं, "आई कुठी हाय?"

"असन न घरात. मागं असन," दादा म्हणाला. "तू डायलचं सांग."

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं ते ऐकलं. तिनं हात पुढे केला आणि फोन घेतला.

"वामन, मूठ ओढ," ती म्हणाली. "म्या दार नुसतं लोटलं हाय. कुलूप लावलंच नाही."

 पलीकडे लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला. मग गाठ सोडायला लागतो तेवढा वेळ. मग फरशीवर एक सुपारी पडली आणि घरंगळत गेली, तेही ऐकू आलं.  

"सुपाऱ्या जपून ठेवजा," आई म्हणाली. "इतके वर्सं मले त्याच पावल्या."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वच्छे," ती म्हणाली, "जागा हाय काय वं पाचाइले?"

मी सासरचे देव डावीकडे सरकवले.