हँडल मारायला कोण उतरणार

सात वर्षं मी लेडी विंगफिल्डची मोटार चालवली. उभ्या गाडीची घरघर बाईसाहेबांना खपायची नाही. चाक थांबलं की इंजिन बंद, असा दंडकच होता. मग चौदा साली लढाई पेटली. सरकारने गाडी नेली, तिच्यावर पोलादी पत्रे ठोकले, वर मशीनगन बसवली आणि तिच्यासकट मला इजिप्तच्या वाळवंटात धाडलं. पण जित्याची खोड जाते का कुठे!

त्या दुपारी, तुर्कांच्या बाजूने लढणाऱ्या सनुसी टोळीवाल्यांच्या टेकडीखाली, शेजारी बसलेले लेफ्टनंट थर्लो ओरडले, "थांब!" मी थांबलो. आणि माझ्या मेल्या हाताने आपोआप इंजिन बंद केलं.

लगेच वरून गोळ्या ताडताड पत्र्यावर आदळायला लागल्या.

"अरे, बंद काय केलंस?" मशीनगनवरचा पर्सी गॉडबी खेकसला. "बाईसाहेब चहाला उतरल्या का रे?"

गरम इंजिन कधी कधी नुसत्या बटणावर पेटायचं. चारदा दाबलं. ढिम्म! आता हँडल मारायचं, तर गाडीपुढे, गोळ्यांत उतरायला हवं. आत आम्ही तिघं, गुडघ्याला गुडघा. पत्रा इतका तापलेला की कोपर टेकवेना, श्वास घेतला तरी घसा भाजायचा. फटीतून टेकडीवरची माणसं खाली सरकताना दिसत होती.

"मी उतरतो, साहेब. चूक माझी आहे."

"गप बस. गाडी तुझ्याशिवाय येते कुणाला?"

पर्सीने घाम पुसला. "म्हणजे मीच. साहेब, गन धरा. आणि इनॉक, लेका, आता पेटली की विझवू नकोस, एवढे उपकार कर."

तो दार ढकलून उतरला. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला इंजिन पेटलं आणि मी, देवाशपथ, आनंदाने ओरडलो.

पर्सी काही आत येईना. फटीला डोळा लावला. तो चाकांपुढे पडला होता, मांडी रक्ताने माखलेली. मान उचलून हाताने बोलावत होता. इंजिनाच्या घरघरीत त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठ दिसत होते. माझंच नाव घेत होता.

"साहेब, जिवंत आहे! ओढून आणतो."

"ते साठ पावलांवर आलेत. मागे घे गाडी."

"बोलावतोय हो तो!"

"निरोप देतोय," साहेब म्हणाले. "मागे घे. हुकूम आहे."

मी घेतली. नालायकाने, घेतली मी.

छावणीत साहेबांनी अहवाल लिहिला: गॉडबीने आम्हाला जायची खूण केली. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.